एक जूनचे अकराशे चौदा

"मशीन उठलं का?" सुलाबाईंनी विचारलं.

सव्वानऊ वाजले होते. सुलाबाई सात वाजल्यापासून रक्तपेढीच्या बाकावर बसून होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत सुनेसाठी आणलेला पेजेचा डबा. सून, रूपाली, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात होती. नववा महिना, वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी सरकलेली आणि रक्तगट ओ निगेटिव्ह. दुपारी दोनला सिझर ठरलं होतं. डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं की ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या टेबलाशेजारी दिसल्याशिवाय ते पोटाला हात लावणार नाहीत. आमच्या फ्रिजमध्ये बाकी सगळ्या गटांच्या पिशव्या होत्या. ओ निगेटिव्हच्या कप्प्यात नुसतं लेबल होतं.

"मशीन झोपत नाही, मावशी," मी म्हणालो. "आठ वाजताच सगळ्यांना निरोप गेलेत."

"मग कोन आलं कसं न्हाई?"

"येतील की. माणसं अंघोळ-बिंघोळ करून निघतात."

हे मी फार ठामपणे बोललो. मी बावीस वर्षांचा होतो आणि रक्तपेढीचा कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. असा ठामपणा त्या वयात फुकट मिळतो. माझा नऊ वाजून वीस मिनिटांपर्यंत टिकला.

सर्व्हर म्हणजे कपाटाखाली विटांवर ठेवलेला एक जुना डबा. त्याला मी मार्च महिन्यात रोजच्या कामांचं वेळापत्रक लिहून दिलं होतं. रोज सकाळी सहाला, ज्या दात्यांची वयं पासष्ट झाली त्यांची नावं चालू यादीतून काढायची आणि त्यांना आभाराचा मेसेज टाकायचा. सातला, आज ज्यांचा वाढदिवस त्यांना शुभेच्छा पाठवायच्या. आठला, ज्या गटाच्या रक्ताची मागणी नोंदवलेली असेल त्या गटाच्या दात्यांना ‘ताबडतोब या’ म्हणून कळवायचं. कुणी बटण दाबायचं नाही, कुणी आठवण करायची नाही. डबा आपला आपण उठतो, काम करतो, परत गप्प बसतो. आमच्या कार्यालयात असा तो एकटाच होता.

सातचं काम रक्तपेढीच्या अध्यक्षांच्या हौसेचं. मजकूरही त्यांचाच: ‘सन्माननीय रक्तदाते, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आज रक्तपेढीत येऊन चहापान करावे व आम्हांस उपकृत करावे.’ मार्च ते मे रोज दहा-बारा जणांना हा मेसेज जायचा. तीन महिन्यांत चहाला एकही माणूस आला नव्हता. वाढदिवसाच्या दिवशी सुई असलेल्या ठिकाणी चहाला जाऊ नये, एवढं लोकांना कळतं.

सुलाबाईंना धीर देऊन मी आत गेलो आणि सहज म्हणून सर्व्हरची नोंदवही उघडली. सातच्या कामापुढे लिहिलं होतं: वाढदिवस १११४. आज एकूण पाठवले ५००. शिल्लक मर्यादा शून्य. आठच्या कामापुढे एकच शब्द होता. अयशस्वी.

मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडून आम्हाला दिवसाला पाचशेच मेसेज मिळायचे. रोज वीस-पंचवीस लागायचे, म्हणून मी या आकड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. पण सहा हजार दात्यांत एकाच दिवशी अकराशे चौदा वाढदिवस कसे? माझा पहिला तर्क व्हायरसचा होता. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. एक जून, मंगळवार.

माझे वडील एक जूनचे. चुलते एक जूनचे. दोन्ही आत्या एक जूनच्या. पूर्वी शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी प्रवेश बसेल असं साल धरून एक जून टाकून मोकळे व्हायचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लहानपणी मला वाटायचं की हे आमच्या घराण्यातच आहे, आणि तो समज मी जरा जास्तच वर्षं सांभाळला. अख्ख्या तालुक्याचा वाढदिवस एकाच दिवशी येणार आणि रूपालीसाठीचे मेसेज गिळून टाकणार, हे मला मार्चमध्ये दिसायला हवं होतं.

मी डॉक्टर मुल्लांच्या खोलीत गेलो. रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकारी त्याच. पन्नाशीच्या, चष्मा नेहमी डोक्यावर, आवाज कधीच चढवायच्या नाहीत. त्यामुळे त्यांची भीती जास्त वाटायची.

"मॅडम, ओ निगेटिव्हवाल्यांना एकही मेसेज गेलेला नाही. चूक माझी आहे."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा नाकावर आणला आणि म्हणाल्या, "चुकीचं नंतर बघू. ती कुठं पळून जात नाही. यादी काढ."

ओ निगेटिव्हची सतरा नावं निघाली. नऊ मॅडमनी घेतली, आठ मी.

आमचा तालुका गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर इथली माणसं देशभर पांगलेली. माझ्या आठांपैकी एक कोइमतूरला होता, एक गुंटूरला, एक कटकला. कटकवाला भला माणूस. म्हणाला, "लगेच निघतो." परवा पोचला असता. एकानं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. एकीचं स्वतःचंच बाळंतपण होऊन वीस दिवस झालेले. एकाला कावीळ. एक नंबर बंद, आणि शेवटच्या नंबरवर भजन लागलं, ते संपलं, पुन्हा सुरू झालं, कुणी उचललं नाही. मॅडमच्या नऊ जणांची गतही तशीच. मग त्यांनी जिल्ह्याच्या गावी दोन रक्तपेढ्यांना विचारलं. एकीकडे पिशवी नव्हतीच. दुसरीकडे एक पिशवी होती, ती कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी राखलेली.

बाहेरून सुलाबाईंचा आवाज येत होता. मुलगा, रूपालीचा नवरा, कानपूरला भट्टीवर होता आणि दर दहा मिनिटांनी फोन करत होता.

"अरं, काळजी करू नगंस," त्या त्याला सांगत होत्या. "हितं मशीन लागलंय कामाला. त्यो पोरगा लई हुशार हाय."

असं वाक्य भिंतीपलीकडून ऐकण्याची पाळी कुणावर येऊ नये. मी टेबलाचा खण उगाच उघडला आणि बंद केला.

दहा वाजता दारात एक गृहस्थ उभे राहिले. पांढरी टोपी, हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर डोकावत होती. मंगळवार आमच्या गावच्या बाजाराचा.

"च्या कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कसला चहा?"

त्यांनी मोबाइल लांब धरून मला दाखवला. "वाढदिवसाचा. अध्यक्षांनी बोलावलंय."

त्यांना बाकावर बसवतोय तोवर आणखी तिघे आले. मग दोन बायका, एकमेकींच्या नणंद-भावजय, दोघींचा जन्म एकाच दिवशी. मग एक निवृत्त कंडक्टर, त्यांनी सवयीनं दारातल्या लोकांना आत सरकायला सांगितलं. सर्व्हरनं जुन्या नोंदींपासून मेसेज टाकायला सुरुवात केली होती, त्यामुळे आलेली सगळी माणसं पिकलेली. साडेदहापर्यंत चाळीस झाली, पावणेअकराला मी मोजणं सोडलं. कुणी पायरीवर, कुणी सर्व्हरच्या कपाटाला टेकून. रोज दहा-बारा जणांना बोलावलं तेव्हा कुणी आलं नाही; पण बाजारात प्रत्येकाच्याच फोनवर अध्यक्षांचं निमंत्रण म्हटल्यावर ते घरचं कार्य झालं. कार्याला न जाणं आमच्याकडे वैर धरण्यासारखं असतं.

"साठ वर्सांत पयल्यांदा कुनी वाढदिवस केला आमचा," मेथीवाले सांगत होते.

"पर खरा कवाचा तुमचा?"

"बाहत्तरच्या दुष्काळाआदी धा वर्सं. आमचा खिलारी बैल गेला त्या दिवशी. आई म्हनायची, एक गेला न् एक आला, पर नांगराला काय तू चालला न्हाईस."

"मी कोयनेच्या भूकंपानंतर चौथ्या दिशी," नणंद म्हणाली.

"तरीच," भावजय म्हणाली.

मुल्लामॅडम आवाज ऐकून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"निशांत, काय आहे हे?"

"वाढदिवस आहे, मॅडम."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

त्यांनी एकदा गर्दीवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता माझं कंत्राट संपलं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ही पाहुणेमंडळी कुणी वाटेवरची नव्हती. एकूण एक माणूस आमच्या रजिस्टरमधला, आधी कधी ना कधी रक्त दिलेला होता.

"ऐका जरा," मॅडम म्हणाल्या, आणि सगळे गप्प झाले. "पलीकडं एक बाई अडलेली आहे. ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. दोन पिशव्या. तुमच्यात कुणी आहे का?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सुलाबाई उठून उभ्या राहिल्या. आपण मागणाऱ्या आहोत हे दिसावं म्हणून असेल, त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"आमी दोघं हाय की," कोपऱ्यातून आवाज आला.

दोघे म्हातारे, शेजारीशेजारी, एकाच कापडाचे सदरे घातलेले. थोरले ज्योतिराम होनमाने आणि धाकटे किसन होनमाने. पण माझ्या सतरा जणांच्या यादीत होनमाने कुणी नव्हतं.

"तुमचं नाव यादीत नाही," मी म्हणालो.

"कसं असंल?" ज्योतिराम म्हणाले. "सकाळी सहाला मेसेज आला, ‘वय पासष्ट पूर्ण झाल्यामुळे आपले नाव कमी केले आहे, सेवेबद्दल आभार.’ सातला दुसरा आला, च्याला या. म्हटलं निरोपसमारंभ असंल. नारळ तरी देतील."

सहाचं कामही माझंच होतं. शुभेच्छांना वयाची अट नसते असं अध्यक्षांचं मत, म्हणून सातचं काम सगळ्या रजिस्टरवर चालायचं, काढलेल्या नावांसकट. थोडक्यात, माझ्याच डब्यानं या दोघांना सहाला घालवून सातला परत आणलं होतं, आणि मधल्या तासात तालुक्यातल्या कामाच्या ओ निगेटिव्हवाल्यांना मी सेवानिवृत्त करून टाकलं होतं.

"दोघांचंही नाव आजच कमी झालं?" मॅडमनी विचारलं. "जुळे आहात का?"

"कागदावर," किसन म्हणाले. "ह्यो माझ्यापरीस तीन वर्सांनी मोठा. पर दोघांस्नी शाळेत एकाच दिशी घातलं. ह्याला एकट्याला जायाची भ्या वाटायची."

"तुलाच वाटायची किसन्या. मी तुझ्यासाठी थांबलो तीन वर्सं."

"गुरुजींनी इचारलं, जन्म कवाचा? आबा म्हनला, दोघं सुगीतच झाल्यात. गुरुजींनी दोघांस्नी एकच तारीख लावली."

मॅडम आत गेल्या आणि नियमांची पुस्तिका घेऊन आल्या. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "वय अठरा ते पासष्टपर्यंत. निशांत, तू मशीनला काय सांगितलंस?"

"पासष्टावा वाढदिवस आला की नाव काढ."

"आणि पासष्टपर्यंत म्हणजे?"

मार्चमध्ये ती ओळ मी वाचली होती, पण घाईनं.

"कागदावर आज यांना पासष्ट पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस पर्यंतमध्येच बसतो. उद्यापासून मी नाही म्हणाले असते. आज मी घेते, तब्येत बसली तर. सहीही माझीच असेल."

किसनरावांचं सगळं ठीक निघालं. ज्योतिरामांचा रक्तदाब जास्त आला. मॅडमनी पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं शांत बसा."

"ह्याला बाहीर पाठवा," ज्योतिराम भावाकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्यो असला की माझं रक्त चढतंच."

किसनरावांना बाहेर पाठवलं. सुलाबाई दाराच्या चौकटीला धरून आत बघत होत्या. त्या पंधरा मिनिटांत फोन वाजला तर त्यांनी घेतलाही नाही. बाहेरच्या गर्दीला काय घडतंय ते कळलं होतं. साठ-सत्तर बाजारकरी माणसं एकदम गप्प बसल्यावर केवढी शांतता होते, ते मी तेव्हा ऐकलं. मॅडमनी पुन्हा पट्टा बांधला.

"बसतंय," त्या म्हणाल्या.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दोन्ही पिशव्या भरल्या. पण रक्त काढलं की लगेच चढवता येत नाही. तपासण्यांना तीन तास जाणार होते. मॅडमनी पलीकडे फोन करून ऑपरेशन तीनवर ढकललं आणि प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. मी टपरीवरून सत्तर चहा सांगितले, कारण डब्यावर न सोपवता स्वतः करता येईल असं तेवढंच एक काम माझ्याकडे उरलं होतं.

मग मी सुलाबाईंच्या शेजारी जाऊन बसलो.

"मावशी, मी सकाळी खोटं बोललो. आठला मेसेज गेलेच नव्हते. माझ्या चुकीनं सगळे वाढदिवसाला गेले. ही माणसं तुमच्यासाठी आलेली नाहीत, चहाला आलीत."

मांडीवरची पिशवी सावरून त्या माझ्याकडे वळल्या.

"खोटं कशापायी बोललास?"

"मला वाटलं होतं गेले असतील. बघितलं नव्हतं."

"आता फुडं बगत जा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी डब्याचं झाकण काढून पेज वाटीत ओतली आणि वाटी माझ्यापुढे धरली. "खा. ती आता उपाशीच जानार आत. वाया कशाला घालवायची?"

मी खाल्ली. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. गार झालेली, मीठ कमी पडलेली पेज होती, आणि तिच्याबद्दल मला जेवढं बरं वाटलं तेवढं त्यानंतर कुठल्या जेवणाबद्दल वाटलेलं नाही.

अडीचला मॅडमनी दार उघडलं. दोन्ही पिशव्या निर्दोष, दोन्ही रूपालीच्या रक्ताशी जुळल्या. पिशव्यांचा बर्फाचा डबा काखेत धरून रस्ता मीच ओलांडला. इतक्या हळू मी आजवर कुठलाही रस्ता ओलांडलेला नाही. एका ट्रकवाल्यानं मला जे काय म्हटलं ते बरोबरच होतं.

ऑपरेशन तासभर चाललं. पहिली पिशवी अर्ध्यातच लावावी लागली आणि दुसरीही पुरती लागली. सव्वाचारला नर्स बाहेर आली आणि म्हणाली की आई ठीक आहे, मुलगी आहे, अडीच किलो. सुलाबाई खाली बसल्या. मग त्यांनी कानपूरला फोन लावला आणि त्यांना बोलताच येईना, म्हणून फोन शेजारी उभ्या असलेल्या किसन होनमान्यांच्या हातात दिला. ओळख ना पाळख, किसनराव कानपूरच्या माणसाला म्हणाले, "मी तुमचा रक्तवाला बोलतोय. लक्ष्मी आली घरात." होनमाने बंधू अजून गेले नव्हते. बाजारातून आणलेली कोथिंबीर पार माना टाकून बसली होती, तरी गेले नव्हते.

मी दोघांच्या पाया पडलो. ज्योतिराम म्हणाले, "आरं, ऱ्हाऊ दे. उद्या बोलावलं असतंस तर बाईनं घेतलं नसतं. येळेवर काढलंस, येळेवर बोलावलंस." एका दिवसात दोनदा चुकलेल्या माणसाचं असं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

मुल्लामॅडमनी अहवालात सगळं खरं लिहिलं, माझ्या नावासकट, आणि शेवटी एक ओळ घातली: ‘ऑपरेटरने चूक स्वतःहून तत्काळ सांगितल्यामुळे वेळ वाचला.’ माझं कंत्राट त्या ओळीवर तगलं. आज सात वर्षांनी मी ज्या कंपनीत आहे तिथं चारशे सर्व्हरांची वेळापत्रकं माझ्याकडे आहेत, आणि त्या ओळीचं देणं मी फेडू शकेन असं मला वाटत नाही. होनमान्यांच्या त्या गुरुजींचं नाव मी पुढे शोधून काढायचा प्रयत्न केला, सापडलं नाही. शाळेत घालताना दोन भावांना एकच तारीख देणारा हा माणूस किती आळशी होता देव जाणे. मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

त्या संध्याकाळी पाच वाजता मी दवाखान्याच्या खिडकीशी सुलाबाईंबरोबर उभा होतो. जन्माची नोंद करायची होती आणि त्यांना लिहिता येत नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं आईचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, मग स्वतःशीच पुटपुटत लिहिलं, "जन्मतारीख, एक जून."

सुलाबाईंनी खिडकीतून हात घालून त्याचं पेन धरलं.

"आसं नगा करू, सायेब. माझी तीच हाय, माझ्या मालकाची तीच, दिराचीबी तीच. पोरीची खरी ल्ह्या."

"आजी, आज एक जूनच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, कारण सकाळी मी एकदा खोटं बोललो होतो.

"खरीच?"

"खरीच, मावशी. दुपारी तीन वाजून एकतीस मिनिटं."

त्यांनी पेन सोडलं.

"मग ल्ह्या," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातली ही पयलीच."